चेंडू कुठे आहे?

सरकारी नोकराच्या आयुष्यात डिसेंबर हा हिशेबाचा महिना असतो. पैशाचा हिशेब मार्चमध्ये होतो, रजेचा डिसेंबरात. वर्षाकाठी मिळणाऱ्या ८ किरकोळ रजा ३१ डिसेंबरच्या रात्री विरून जातात. अर्जित रजेप्रमाणे त्या पुढल्या वर्षाच्या खात्यात जमा होत नाहीत. म्हणून वर्षअखेरीस आमच्या कचेरीत जो तो बोटांवर दिवस मोजीत बसलेला दिसतो. २०२२ च्या डिसेंबरात आमच्या नावावर अशा ३ रजा उरल्या होत्या. त्यांचे आम्ही काय केले हे सांगावयाचे आहे; आणि सांगण्यात थोडी कबुलीही आहे.

कलकत्त्यास येऊन तेव्हा आम्हांस तीन वर्षे होत आली होती. कागदोपत्री हे शहर २००१ पासून कोलकाता झाले. परंतु आमच्या घरी आमचा ठावठिकाणा सांगताना अजून कलकत्ताच म्हणतात. गुरुवार १५, शुक्रवार १६ आणि सोमवार १९ अशा रजा टाकल्या, की मधले शनिवार-रविवार धरून ५ दिवस सलग हाती येत होते. आमचे घर कोल्हापुरास. हावड्याहून पुण्यास येणारी गाडी तीस तासांच्या वर घेते. पुण्यापासून पुढे पुन्हा कोल्हापूर. म्हणजे जाण्यात दोन दिवस, येण्यात दोन दिवस आणि मधला एक दिवस घरी. आईच्या हातचे दोन वेळा जेवावे, आबांच्या पाया पडावे आणि पिशवी उचलावी. परप्रांतात नोकरी करणाऱ्या वाचकांना हे त्रैराशिक समजावून सांगण्याची गरज नाही. एका दिवसासाठीही माणसे गाडीत बसतात, हेही त्यांना ठाऊक आहे.

आम्ही बसलो नाही. कारण त्याच आठवड्यात कतारमधील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे उपांत्य आणि अंतिम सामने होते, आणि त्याच आठवड्यात, १५ तारखेस, कलकत्त्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू होत होता. अर्जात 'घरगुती कामाकरिता' असे कारण लिहून आम्ही रजा मागितली, आणि ती मंजूर झाली. त्याच संध्याकाळी आबांनी दूरध्वनीवर विचारले, "रजा हाय म्हणत हुतास न्हवं? येतोस काय?" आम्ही उत्तर दिले, "साहेब रजा देत नाहीत, आबा." मंजूर झालेला अर्ज तेव्हा आमच्या सदऱ्याच्या खिशात होता.

असो. त्या दिवसांतले कलकत्ता ज्यांनी पाहिले असेल, ते आम्हांस थोडी सवलत देतील. गल्लोगल्ली आकाशी-पांढऱ्या पताका लागल्या होत्या. ब्राझीलच्या पिवळ्या पताकाही होत्या. परंतु ९ तारखेस क्रोएशियाने ब्राझीलला पेनल्टींवर हरविल्यापासून त्या लग्न उरकलेल्या मांडवासारख्या दिसू लागल्या होत्या. हजारो कोसांवरच्या देशांसाठी या शहराने एवढे का तळमळावे, याचे नवल प्रथम आम्हांसही वाटले होते. मग एकेक कळत गेले. १९११ साली याच शहरात मोहन बागानच्या, बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या, खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकले. १९७७ साली पेले येथे ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळून गेला. १९८६ साली दूरचित्रवाणीने मॅराडोना घरोघर आणला, आणि २०११ साली सॉल्ट लेकच्या मैदानावर मेस्सी प्रत्यक्ष आला. ज्याने एकदा पाहुणा म्हणून घर पाहिले, तो या लोकांच्या लेखी घरचाच होतो.

आणि कोल्हापूरच्या माणसाने तर या वेडास नाव ठेवूच नये. आमच्या गावीही पेठापेठांतून तालमी आहेत आणि तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील आणि दिलबहार यांच्यात सामना असला म्हणजे शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. चित्रपटांचेही तेच. 'प्रभात' १९२९ साली कोल्हापुरातच निघाली, पुण्यास गेली ती मागाहून. चेंडू आणि पडदा यांच्यासाठी जेवण विसरणारी दोन गावे या देशात कोणती, असे कुणी विचारले तर एका गावी आम्ही जन्मलो आणि दुसऱ्या गावी सरकारने आम्हांस पाठविले.

पहिला उपांत्य सामना मंगळवारी मध्यरात्रीनंतर, घड्याळाने बुधवारी साडेबाराला, सुरू झाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक क्लब आहे. एरवी तेथे कॅरम चालतो आणि पूजेची वर्गणी जमते. त्या रात्री भिंतीवर मोठा पडदा लावला होता. मेस्सीची पेनल्टी झाली, अल्वारेझचा गोल झाला. आणि ६९ व्या मिनिटास मेस्सीने उजव्या कडेने जी धाव घेतली, ती आम्ही जन्मात विसरणार नाही. क्रोएशियाचा तरणाताठा ग्वार्दिओल त्याच्या अंगाला चिकटून धावत होता. मेस्सी थांबला, वळला, पुन्हा निघाला, गोलरेषेपर्यंत गेला, आणि मागे ढकललेला चेंडू अल्वारेझने जाळ्यात घातला. ३-०. अडीचच्या सुमारास आम्ही खोलीवर आलो, दिवा लावला, आणि एकाएकी फार एकटे वाटले. एवढे पाहिले, सांगावे कुणाला? क्लबातली मुले एकमेकांना तीच धाव पुनःपुन्हा सांगत होती. परंतु आमचे बंगाली बाजारहाटापुरते. त्यात मासळीचा भाव विचारता येतो, मेस्सीची धाव सांगता येत नाही.

सकाळी कचेरीस निघण्यापूर्वी आम्ही घरी दूरध्वनी लावला. आबा तरुणपणी आमच्या पेठेच्या संघातून 'लेफ्ट औट'ला खेळत असत. उद्यमनगरात लेथवर दिवसभर उभे राहून संध्याकाळी सरावास जात. लहानपणी आम्हांस सायकलच्या दांड्यावर बसवून स्टेडियमवर नेणारे तेच. त्यांना आम्ही विचारले, "पाहिली का काल मॅच?"

"लावली हुती," आबा म्हणाले.

लावली होती आणि पाहिली, या दोन शब्दांमधले अंतर प्रथम आमच्या ध्यानी आले नाही. आबांना काचबिंदू आहे हे घरात सर्वांस माहीत होते. या विकारात दृष्टीची शीर हळूहळू झिजत जाते. नजर आधी कडेकडेने जाते आणि मधली तेवढी शेवटपर्यंत उरते; गेलेली परत येत नाही, उरलेली राखणे एवढेच औषधाच्या थेंबांच्या हाती असते. हे सारे आम्ही वाचले होते. थेंबांचे पैसे दरमहा पाठवीत होतो. परंतु आबांना दिसते काय, हे एकदाही विचारले नव्हते.

"नळीतनं बघितल्यागत दिसतंय," आबा म्हणाले. "येक गडी दिसतो, त्याच्याभवती जरा हिरवळ दिसती. चेंडू हलला की गेला. मान फिरवून हुडकंस्तवर त्यो तिसरीकडंच."

"पण समालोचन असते ना, आबा?"

"ते नुसतं वरडत्यात. चेंडू कुठाय ते सांगत न्हाईत."

दिवसभर हे वाक्य आमच्या डोक्यात घोळत राहिले. फायलीवर टिपण लिहिता लिहिता ध्यानी आले, की आबांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. दूरचित्रवाणीचा समालोचक चेंडू कुठे आहे ते सांगत नाही. कारण तो पाहणाऱ्यांसाठी बोलतो. नभोवाणीच्या काळी असे नव्हते. याच कलकत्त्यातून अजय बसू, पुष्पेन सरकार, कमल भट्टाचार्य यांनी बंगालीतून सांगितलेले सामने लोक रस्त्यात उभे राहून ऐकत, असे आमचे बडेबाबू अजूनही डोळे मिटून सांगतात. इंग्लंडात १९२७ साली पहिला फुटबॉल सामना नभोवाणीवर आला, तेव्हा मैदानाचे चौकोन पाडून त्यांचा नकाशा आधी छापून दिला होता. श्रोत्याने तो पुढ्यात घ्यावयाचा आणि क्रमांक ऐकून चेंडूचा माग काढावयाचा. मग चित्र आले, आणि सांगण्याची विद्या मागे पडली.

गुरुवारी महोत्सवाचे उद्घाटन झाले. त्याचे निमंत्रण आमच्यासारख्यास कोठून? आम्ही ते दूरचित्रवाणीच्या बातम्यांत पाहिले. अमिताभ आणि जया बच्चन आले होते, आणि उद्घाटनाचा चित्रपट म्हणून हृषीकेश मुखर्जींचा १९७३ सालचा 'अभिमान' ठेवला होता. मुखर्जी याच शहरी १९२२ साली जन्मलेले. त्यांच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष. ही बातमी आम्ही घरी कळविली तेव्हा आबा खुलले. तो चित्रपट त्यांनी आणि आईने लग्नानंतर बरोबर पाहिला होता. "त्यातली गाणी अजून दिसत्यात," ते म्हणाले. 'ऐकू येतात' असे म्हणाले नाहीत.

शुक्रवारी आम्ही 'नंदन'मध्ये गेलो. या चित्रगृहाचे उद्घाटन १९८५ साली सत्यजित राय यांनी केले. त्याचे बोधचिन्हही त्यांनीच रेखाटलेले. सकाळपासून रांगा होत्या. महाविद्यालयीन मुले, निवृत्त प्राध्यापक, खांद्याला झोळी आणि हातात कार्यक्रमपत्रिका. एका दिवसात आम्ही तीन परदेशी चित्रपट पाहिले. तिसऱ्याच्या मध्यावर आमच्या लक्षात आले, की आपण चित्र पाहतच नाही आहोत. पडद्याच्या तळाशी येणारी इंग्रजी अक्षरे तेवढी वाचतो आहोत. वर माणसे रडतात की हसतात ते निसटते आहे. आमचे डोळे शाबूत होते. तरी आम्हीही एका नळीतूनच पाहत होतो.

मध्यंतरी भेटलेल्या बडेबाबूंना आम्ही आबांची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ कचेरीत कडक, परंतु चित्रगृहाच्या रांगेत प्रेमळ. ते म्हणाले, "सत्यजितबाबूंचा 'दि इनर आय' पाहिला नाही तुम्ही? पाहा." शनिवारी दुपारी खोलीवर आम्ही तो पाहिला. १९७२ सालचा, वीसेक मिनिटांचा माहितीपट. चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी हे शांतिनिकेतनात राय यांचे गुरू. त्यांची दृष्टी जन्मापासून अधू, आणि मध्यम वयात शस्त्रक्रियेनंतर ती पूर्णच गेली. तरी ते काम करीत राहिले: कागद कातरून, माती घडवून, भिंतीवर फरशांचे चित्र बसवून. बोटांनी कड चाचपून ते तुकडा ठेवतात, आणि तो जागच्या जागी बसतो. आबा आता लेथवर उभे राहत नाहीत. पण कुलपाची किल्ली ते अशीच चाचपून बसवतात, हे आम्ही गेल्या खेपेस पाहिले होते. पाहिले होते, आणि म्हाताऱ्या माणसाचा सावकाशपणा म्हणून सोडून दिले होते.

त्याच संध्याकाळी आम्ही घरी दूरध्वनी केला आणि म्हणालो, "आबा, आज तिसऱ्या क्रमांकाची मॅच आहे. टीव्हीचा आवाज बंद करा. आम्ही सांगतो."

ती रंगीत तालीम अगदी फसली. क्रोएशिया आणि मोरोक्को यांनी पहिल्या ९ मिनिटांतच एकेक गोल करून आमची तारांबळ उडविली. आम्ही पदवीधर, त्यात मराठीचे अभिमानी. 'अप्रतिम', 'विजेसारखा', 'डोळ्यांचे पारणे फिटले' असे शब्द आम्ही मुक्तहस्ते उधळीत होतो. पाचेक मिनिटे आबांनी सोसले. मग म्हणाले, "अरं, चांगलं हाय ते मी ठरवतो. तू नुसतं कुठं हाय ते सांग." आणि त्यांनीच युक्ती सुचविली. शाहू स्टेडियमवर आम्ही बसत असू ती 'आपली बाजू'. समोरची ती 'पलीकडची'. गोल दोन, उजवा आणि डावा. चेंडू कुणाकडे, तोंड कुठे, पुढे मोकळे किती. बस्स. उत्तरार्धात आम्ही हळूहळू सावरलो. कतारमधले मैदान उचलून कोल्हापुरात आणून ठेवल्यावर सांगणे सोपे झाले.

रविवारी, १८ तारखेस, साडेआठला अंतिम सामना. आम्ही क्लबाच्या मागल्या भिंतीशी खुर्ची घेतली, कानात यंत्र घातले आणि सुरुवात केली. पुढे बसलेल्या मुलांनी प्रथम वळून वळून पाहिले. मग त्यांच्यातील एकाने खूण करून विचारले, कोण? आम्ही बंगालीत म्हणालो, "बाबा." डोळ्यांकडे बोट केले. त्यानंतर कुणी वळून पाहिले नाही. उलट आमच्या समोर उभे राहणाऱ्यास मुलेच खाली बसवू लागली.

त्या रात्री दी मारिया डाव्या कडेला खेळत होता. आबांच्या जागेवर. त्याला पाडल्याबद्दल मिळालेली पेनल्टी मेस्सीने २३ व्या मिनिटास मारली. मग ३६ वे मिनिट. आम्ही सांगत होतो, "आपल्या अर्ध्यातून निघाला, मेस्सीने एका स्पर्शात पुढे दिला, अल्वारेझ, त्याने मध्ये मॅक अ‍ॅलिस्टरला, डावीकडे दी मारिया एकटा..." आणि आमचे वाक्य पुरे होण्याआधी तिकडून आबांचा आवाज आला, "गोल झाला!" क्लबातल्या पडद्यावर चेंडू अजून वाटेत होता. कोल्हापुरात आमच्या आळीतून उठलेला ओरडा आबांनी आधी ऐकला होता. क्लबातले चित्र काही क्षण मागे चालत होते. त्यानंतर रात्रभर असेच झाले. निकाल त्यांना आधी कळे, आणि तो कसा लागला ते मागून आम्ही सांगत असू. "झाला. आता सांग," ते म्हणत. "लेफ्ट औटला कुणी धरलाच न्हाई?" या एका प्रश्नाचे उत्तर आम्हांस तीनदा द्यावे लागले. गोल करून दी मारिया रडत होता, तेही सांगितले. आबा काही वेळ बोलले नाहीत.

८० व्या मिनिटास एम्बापेने पेनल्टी मारली आणि दोन मिनिटांच्या आत दुसरा गोल केला. २-२. क्लबात श्वास ऐकू येईल इतकी शांतता. जादा वेळेत १०८ व्या मिनिटास मेस्सीने ३-२ केले. मग माँतिएलच्या हाताला चेंडू लागला आणि ११८ व्या मिनिटास एम्बापेने ३-३ केले. अगदी अखेरच्या क्षणी कोलो मुआनी गोलरक्षकासमोर एकटा सुटला. "एकटाच, आबा, समोर कुणी नाही, मारला..." तिकडे आळी गप्प होती, म्हणून आबांना कळेना. "सांग की! गेला काय?" मार्टिनेझने डावा पाय लांब करून तो अडविला होता. आमच्या घशातून शब्द निघेना. "पायाने," एवढेच आम्ही म्हणालो. "गोलीनं?" "हो." "पायानं?" "हो, आबा."

पेनल्टींच्या वेळी सांगण्यासारखे थोडेच असते. कोमानचा मार्टिनेझने अडविला, चुआमेनीचा बाहेर गेला. आणि ज्याच्या हाताला चेंडू लागल्याने सारे रामायण घडले, त्या माँतिएलनेच शेवटचा मारला. ४-२. फटाके कोल्हापुरात आधी वाजले, कलकत्त्यात मागून. एका कानात एक गाव आणि दुसऱ्या कानात दुसरे, असे आम्ही उभे होतो. बंगाली मुले आमच्या गळ्यात पडत होती.

गोंगाट ओसरल्यावर आबा म्हणाले, "बघितली बाबा. लई दिवसांनी अक्खी मॅच बघितली."

तेव्हा आम्हांस राहवले नाही. म्हणालो, "आबा, रजा मिळाली होती."

"म्हाईत हाय," आबा म्हणाले. "कचेरी असलेला माणूस शुक्रवारी दुपारी शिनेमाच्या रांगेतनं फोन करतोय व्हय?" मग थोडे थांबून म्हणाले, "आला असतास तर शेजारी बसून गप बघितली असतीस. मला सांगितली नसतीस."

या बोलण्यात क्षमा होती की ठपका, हे आम्ही अजून ठरवू शकलेलो नाही. दोन्ही असावे. शेजारी बसून आम्ही काही सांगितले नसते, हे खरे. आजवर कधी सांगितले नव्हते. परंतु शेजारी बसणे म्हणजे काहीच नाही, असेही आबांना म्हणावयाचे नव्हते. आम्ही दूरदेशी पुष्कळ पाहतो. नवी शहरे, नवी माणसे, मोठमोठे उत्सव. वर्षातून एकदा घरी जातो तेव्हा मात्र 'सगळे ठीक आहे' एवढे तीन शब्द पुढ्यात ठेवतो. बाकीचे डोळ्यांतच वाळून जाते. त्या बुधवारी अडीच वाजता आम्हांस जे एकटेपण वाटले, ते बंगाली येत नसल्यामुळे नव्हते. ज्याला सांगावयाचे, त्याला सांगण्याची सवयच आम्ही कधी लावून घेतली नव्हती.

आता दर रविवारी आम्ही दूरध्वनी करतो आणि आठवड्यात पाहिलेली एखादी गोष्ट सांगतो. हुगळीवरची होडी, ट्रामचे वळण, पावसात मैदानावर खेळणारी पोरे. विशेषणे टाळतो. आबा मधूनच विचारतात, "तू कुठं उभा हुतास?" तेही सांगतो.

सोमवारची उरलेली रजा आम्ही झोपेत घालविली. मंगळवारी कचेरीत गेलो तेव्हा रजेच्या अर्जाची आमची प्रत टेबलाच्या खणात सापडली. 'घरगुती कामाकरिता.' लिहिताना ते खोटे होते. आम्ही ती प्रत फाडली नाही. घडी घालून पुन्हा खणात ठेवली आणि समोरची फाईल उघडली.